एकोणिसाव्या शतकातलं पुणं : परका माल घरात आणला कोणी, दुकानदाराने की गिऱ्हाइकाने?

दप्तरदार

मंडळी, एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याचा विषय निघाला की आपण फुले, रानडे, चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्यावर बोलतो. बोलायलाच हवं. पण १८१८ साली पेशवाई बुडाली तिथपासून शतक संपेपर्यंत साध्या घराच्या ओसरीवर आणि स्वयंपाकघरात जे बदललं, त्याचा धनी कोण, हे कोणी विचारत नाही.

चकमक आणि गारगोटी गेली, काडेपेटी आली. समई देवापुढे राहिली, पण माजघरात घासलेटची चिमणी पेटली. गुळाच्या ढेपेशेजारी मॉरिशसहून आलेली मोरस साखर बसली. हातमागाच्या पासोडीच्या जोडीला विलायती मांजरपाट आला. बोरू जाऊन पोलादी टाक आला. दोन-तीन पिढ्यांत हे सगळं झालं आणि त्यासाठी कोणी सभा घेतली नाही.

माझं मत सरळ आहे. हा बदल दुकानदाराने घडवला. कुठला माल मुंबईहून मागवायचा, कोणाला उधार द्यायचा, पेटीभर माल फोडून सुटा कसा विकायचा, हे तो ठरवत होता. इतिहासात त्याला मिळतो एखादा शेरा, तोही बहुतेक वेळा ‘नफेखोर’ असा. तुम्हाला काय वाटतं? तुमच्याकडची माहितीही लिहा.

ओसरी

छान विषय. खुर्ची ओढून बसले आहे.

लष्करकर

दप्तरदार, आधी एक गोष्ट वेगळी काढूया. त्या काळात पुणं एक नव्हतं, दोन होती. नदीकाठचं पेठांचं शहर आणि पूर्वेला लष्कर. लष्करात सदर बाजार वसला तो पलटणींसाठी. तिथल्या पारशी दुकानांत दारू, चीज, डबाबंद मांस, मुरंबे, बिस्किटं, मेणबत्त्या असा माल असे. ‘ऑइलमन स्टोअर’ म्हणत त्या प्रकाराला. शिंपी आणि पाववाले बरेचसे गोव्याकडचे. हा सगळा व्यापार साहेबाच्या पगारावर चालायचा.

त्यातही हंगाम होता. मुंबई सरकार पावसाळ्यात पुण्याला मुक्कामी यायचं. गणेशखिंडीत गव्हर्नरचा बंगला झाला तो त्यासाठीच. गव्हर्नर आला की मागोमाग अधिकारी, त्यांच्या मडमा, मेजवान्या आणि घोड्यांच्या शर्यती. लष्करातल्या दुकानदाराची खरी दिवाळी आषाढ-श्रावणात.

आता हा माल पेठेत कसा पोचला? माझ्या मते लिलावातून. साहेबाची बदली झाली किंवा तो विलायतेला निघाला की घरातलं सामान बंगल्यातच लिलावाला काढायचा. खुर्च्या, दिवे, काचसामान, घड्याळं, आरसे सगळं. बोली लावायला लष्करातले व्यापारी आणि शहरातले लोकही असत. अनेक वाड्यांत पहिलं भिंतीवरचं घड्याळ असंच वापरलेलं आलं असणार. म्हणजे तुमच्या दुकानदाराआधी इथे लिलाववाला उभा आहे.

घाटवाट

दुकानदार, लिलाववाला, सगळे नंतर. आधी घाट.

१८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता झाला. त्याआधी मुंबईचा माल पनवेलपर्यंत होडीने आणि पुढे बैलांच्या पाठीवर. काचेचा दिवा बैलाच्या पाठीवरून घाट चढवून आणायचा म्हणजे काय जिकिरीचं काम असेल, विचार करा. अशा मालाची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात येणं शक्यच नव्हतं.

मग रेल्वे. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे. १८५६ ला गाडी खोपोलीपर्यंत पोचली, १८५८ ला वरून पुणे-खंडाळा सुरू झाली. मधला घाट मात्र तसाच! चार-पाच वर्षं माल खाली उतरवायचा, माणसांच्या आणि बैलांच्या बळावर वर चढवायचा आणि पुन्हा गाडीत भरायचा. १८६३ मध्ये घाटातला मार्ग पुरा झाला आणि मुंबईच्या गोदीतली पेटी थेट पुण्याच्या स्टेशनात उतरली. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, विलायतेचा प्रवास आफ्रिकेला वळसा न घालता होऊ लागला. त्यावर कळस म्हणजे १८८२ साली सरकारने मीठ, दारू, शस्त्रं असे काही जिन्नस सोडून जवळपास सगळा आयात कर उठवला. कापडावरचाही. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हेच हवं होतं.

एवढं सगळं जुळून आल्यावर दुकानाच्या गादीवर कोण बसलंय याला कितीसं महत्त्व? माल पाण्यासारखा उताराकडे वाहत आला.

दप्तरदार

@घाटवाट, तपशील चोख आहेत, पण निष्कर्ष मला मान्य नाही. गाडी माल स्टेशनापर्यंत आणते. स्टेशनापासून सदाशिव पेठेतल्या विधवेच्या स्वयंपाकघरापर्यंत तो कोण नेतो? त्या घरात बाटण्या-विटाळण्याचा विचार मोठा. साखर हाडांच्या कोळशाने शुद्ध करतात, साबणात चरबी असते, हे लोकांना ठाऊक होतं. तरीही ती साखर घरात गेली, ती ओळखीच्या वाण्याने आपल्या तागडीत तोलून दिली म्हणून. तोच माल लष्करातून कोणी आणला असता तर दारातून आत आला नसता.

आजीचा_डबा

घासलेटबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १८७० नंतर अमेरिकेचं तेल येऊ लागलं, ऐंशीच्या दशकात त्याला रशियाच्या बातुम बंदरातलं तेल येऊन भिडलं. दोघांच्या चढाओढीत भाव पडले. लाकडी खोक्यात पत्र्याचे दोन चौकोनी डबे, प्रत्येकात चार गॅलन.

माझा मुद्दा तेलाचा नाही, डब्याचा आहे. तेल जळून जायचं, डबा राहायचा. वरचं झाकण कापून, आडवी लाकडी दांडी ठोकली की पाण्याचा डबा तयार. मातीची घागर फुटते, तांब्याचा हंडा महाग, हा मात्र हलका आणि पडला तर फार तर पोचा येणार. धान्याला भुंगा-उंदीर लागू नये म्हणून डबा. कापून सपाट केला की छपराच्या फटीवर पत्रा. तळाला भोकं पाडली की तुळस. आमच्या गावाकडच्या घरात असा एक डबा मी लहानपणी पाहिलेला आहे. कडा आतल्या बाजूला दुमडून ठोकलेल्या होत्या, हाताला लागू नयेत म्हणून. कोणा कारागिराने ते काम मन लावून केलं होतं. तेलाचा आणि तुपाचा व्यवहार आजही आपण डब्यात मोजतो.

हा दुसरा उपयोग ना अमेरिकेच्या कंपनीने शिकवला, ना दुकानदाराने. तो घरातल्या बायकांनी आणि पत्रेवाल्यांनी शोधला. त्यामुळे माझं मत गिऱ्हाइकाला.

गोटीसोडा

माझं मत माझ्या नावाला! गोटीच्या बाटलीचं पेटंट १८७२ चं, हायरम कॉड या इंग्रजाचं. त्याच्या देशात ती केव्हाच मागे पडली, आपल्याकडे पोरं अजून गोटी काढायला बाटली फोडतात.

तांबट_आळी

‘परका माल आला आणि देशी कारागीर बुडाला’ हे वाक्य प्रत्येक व्यवसायाला लावू नका. पुण्याच्या तांबटांचं उलट झालं.

पूर्वी कच्चं तांबं गाळून, ठोकून पत्रा करायचा. त्यात वेळ आणि सरपण दोन्ही जाई. आगगाडी झाल्यावर मुंबईहून विलायती तांब्या-पितळेचे तयार पत्रे स्वस्तात येऊ लागले. तांबटाने ते घेतले, कापले, जोडले आणि पुण्याची भांडी त्याच आगगाडीने बाहेर पाठवली. हंडे, घागरी, बंब, तपेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा घटला नाही, वाढला.

भांड्याची घडण लोकांच्या डोळ्यांसमोर यावी म्हणून सांगतो. घागर घडली की काम संपत नाही. मग मठारायची. घागर खऱ्यावर, म्हणजे ठोकायच्या आधारावर, धरून गोल तोंडाच्या हातोडीने एकाला लागून एक ठोका, ओळीने, सबंध अंगावर. ठोक्याने धातू आवळतो, भांडं कडक होतं आणि उजेडात त्यावर खवले चमकतात. ठोक्यांमधलं अंतर चुकलं की ते लपत नाही. या कामातल्या पत्र्याचा गाव इंग्लंड होता, कसब कसबा पेठेतलं. मग हा माल देशी की परका?

खानदेशी_वाणी

@तांबट_आळी, तुमचं उदाहरण खरं, पण आमच्याकडच्या रंगाऱ्यांचं ऐका.

लाल रंगासाठी आल नावाचं झुडूप लावायचे. खानदेश, वऱ्हाड, नागपूर भागात त्याची शेती होती. रंग मुळात असतो आणि तो भरायला मुळाला दोन-तीन वर्षं द्यावी लागतात. मग खोल खणून मुळं काढायची, बारीक मूळ वेगळं, जाड वेगळं, कारण बारकात रंग जास्त. त्यापुढे तेल, खार, तुरटी, धुणं, वाळवणं, पुन्हा बुडवणं. पण तो लाल लुगड्याच्या चिंध्या होईपर्यंत टिके.

१८५६ ला पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला, १८६९ ला मंजिष्ठेच्या कुळातला लालही प्रयोगशाळेत तयार झाला. मग जर्मनीहून पुड्या येऊ लागल्या. गरम पाण्यात टाका, कापड बुडवा, संध्याकाळी दुकानात. शेतात तीन वर्षं थांबणारा माणूस या पुडीशी काय स्पर्धा करणार? आलीचं पीक विसाव्या शतकाच्या तोंडाशी जवळपास गेलं. शेतकरी, खणणारे मजूर, रंगारी, सगळ्यांच्या हातचं काम एका पुडीने घेतलं.

आणि ही पुडी विकली दुकानदाराने. त्यामुळे दप्तरदारांनी त्याला श्रेय द्यायचं ठरवलंच असेल तर हेही त्याच्याच खात्यावर मांडावं.

भीमथडी

खात्याचा विषय निघालाच आहे तर वही उघडूया.

१२ मे १८७५, सुपे. बाजाराचा दिवस. भीमथडी तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजराथी सावकारांची घरं-दुकानं लुटली, काही जाळली. तिथून दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. लोकांना पाहिजे होते कर्जरोखे. रोखे हाती दिले तिथे बहुतेक ठिकाणी माणसाला धक्का लागला नाही.

हे इथे का लिहितोय? कारण खेड्यातला सावकार आणि दुकानदार बहुधा एकच असे. धान्य, कापड, मीठ, तेल त्याच्याकडून, बी-बियाणंही त्याच्याकडून आणि सगळं मांडून ठेवलेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा शेतकऱ्याला हात सैल सोडून उधार मिळालं. युद्ध संपलं, कापूस कोसळला, त्यात सरकारने सारा वाढवला. वही मात्र वाढतच राहिली. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा या सगळ्यातून आला.

पेठेतल्या गिऱ्हाइकाला निवड होती. चार दुकानं होती. सुप्याच्या कुणब्याला एकच दुकान आणि तिथेच अंगठा. ‘गिऱ्हाईक राजा’ हे त्याला सांगून बघा.

ओसरी

भीमथडी, हा प्रतिसाद वाचून थांबले. निवड असणं आणि नसणं हा फरक फार मोठा आहे. त्यात जोतीरावांचं नाव यायलाच हवं.

मंडईकर

@ओसरी, येतंच आहे.

पूर्वी पुण्याची मंडई शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायची. ऊन, पाऊस, चिखल. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत मोठी पक्की इमारत बांधायचं ठरवलं. १८८६ ला ती उघडली, गव्हर्नरच्या नावाने ‘रे मार्केट’. मधोमध उंच मनोरा, खाली अष्टकोन आणि त्यातून फुटलेले हात. जोतीराव १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेचे सभासद होते. या खर्चाला त्यांनी विरोध केला. हा पैसा आधी गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. १८८० मध्ये दारूची दुकानं वाढायला लागली तेव्हाही त्यांनी लेखी हरकत घेतली. पुढे विसाव्या शतकात त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं आणि त्यात आचार्य अत्र्यांचा पुढाकार होता.

पण जोतीराव स्वतः व्यापारात होते, हे फार जण विसरतात. धातूच्या ओतकामाचे साचे विकण्याची एजन्सी त्यांनी चालवली. बांधकामाची कंत्राटं घेतली, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला माल पुरवला. भाजीचा व्यापार तर घरचाच. हिशेब कसा फिरवतात, कंत्राटात कोण किती खातं, हे त्यांना आतून माहीत होतं. शेतकऱ्याच्या लुबाडणुकीवर ते एवढं धारदार लिहू शकले, त्यामागे हा अनुभव आहे.

आणि मंडईतली बाई भाजीवाली, तिला आपण दुकानदार म्हणणार की नाही? ओट्यावर बसून रोजचा माल रोज विकणारी, रोखीवर चालणारी. या धाग्यावर अजून तिचा उल्लेख झाला नव्हता.

शिंपीण

बायकांचा मुद्दा निघाला हे बरं झालं. ‘गिऱ्हाईक’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर पगडीवाला पुरुष उभा राहतो. वरच्या जातींतल्या बायका कापडगंजात, म्हणजे कापडबाजारात, जाऊन खरेदी करत नसत. माल दाराशी येई. कासार येई, त्याच्या बांगड्यांत चीनहून मुंबईला उतरलेली काचही असे, पुढे ऑस्ट्रियाची आली. ओसरीवर बसून हात पुढे करायचा, कासार बोटं दाबत, अंगठा आत वळवत चुडा चढवणार. हातावर चढेपर्यंत माल पसंत झाला म्हणता येत नाही. म्हणजे मापापासून रंगापर्यंत निवड बाईची, पैसे मात्र घरधन्याच्या कनवटीचे.

१८७० च्या दशकात शिवणयंत्र आपल्याकडे विकायला आलं आणि शिंप्याच्या दुकानाचं रूप पालटलं. चोळी घरी हाताने शिवणाऱ्या बायकांपर्यंत यंत्र पोचायला मात्र पुष्कळ काळ गेला. घरातल्या पुरुषाच्या सोयीचा माल आधी आला, बायकांचे कष्ट कमी करणारा फार उशिरा. या बाबतीत दुकानदार आणि घरधनी दोघेही जबाबदार.

रास्तापेठी

चहा-बिस्किटं राहिली की!

ऑक्टोबर १८९०, वेताळ पेठेतलं ख्रिस्ती पंचहौद मिशन. गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचे यजमान, यांच्या खटपटीने व्याख्यान ठरलं. रानडे, टिळक, गोखले असे अनेक जण गेले. नंतर चहा आणि बिस्किटं पुढे आली. कोणी घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. पुढे गोपाळरावांनीच हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली आणि गावात हलकल्लोळ. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य (जातबहिष्काराचा वाद) झालं, प्रायश्चित्तं झाली. टिळकांना बहिष्काराचा त्रास झाला, रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं.

दप्तरदारांचा मुद्दा यात दिसतो. तोच चहा वाण्याकडून पुडीत आला असता तर एवढं काही झालं नसतं. वस्तू कोणाच्या हातून येते, यावर ती चालणार की नाही हे ठरत होतं.

लष्करकर

@रास्तापेठी, पण मग ‘हात’ महत्त्वाचा ठरला, आणि हा हात जातीचा होता. दुकानदाराच्या कर्तबगारीपेक्षा त्याची जात माल खपवत होती, असं म्हणावं लागेल.

चरखा_आणि_चाती

ज्यांनी माल नाकारला त्यांचीही नोंद होऊ दे.

गणेश वासुदेव जोशी, सार्वजनिक काका. १८७० ला सार्वजनिक सभा, १८७२ च्या जानेवारीत स्वदेशी वस्तूच वापरण्याची शपथ. १८७७ च्या दिल्ली दरबाराला हा माणूस जाड्याभरड्या खादीत गेला. भोवती किनखाब आणि हिरे, मध्ये हे. शपथ तर १९०५ च्या चळवळीआधी तब्बल ३३ वर्षं! नुसती शपथ घेऊन ते थांबले नाहीत, देशी मालाची दुकानं निघावीत म्हणून त्यांनी खटपट केली. शाई, साबण, छत्र्या इथेच व्हाव्यात असा प्रयत्न होता. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी बायकांची सभा काढली, तिथेही हा विचार पोचला.

काकांना कळलं होतं की भाषणाने स्वदेशी होत नाही, त्याला दुकान लागतं. या अर्थाने मी दप्तरदारांच्या बाजूचा. ती दुकानं फार वाढली नाहीत, कारण स्वस्त विलायती मालाच्या किमतीला ती उतरू शकत नव्हती. तरी प्रयत्न खरा होता आणि पुढच्या पिढीने त्यावरच बांधकाम केलं.

घाटवाट

काकांबद्दल नितांत आदर. पण ‘किमतीला उतरू शकत नव्हती’ हे तुम्हीच लिहिलंत. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. घाट, कालवा आणि कर.

नाणेघाट

थोडं अवांतर. दुकानात मोजायचे पैसे कोणते, हाही प्रश्न होता. पेशवाईनंतरही बाजारात अंकुशी, चांदवडी असे वेगवेगळे रुपये फिरत होते. प्रत्येकाची चांदी वेगळी, त्यामुळे दर व्यवहाराला सराफ आणि त्याचा बट्टा. १८३५ ला कंपनीने एकच रुपया सगळीकडे लागू केला. जुनी नाणी हळूहळू भट्टीत गेली. सोळा आणे, चौसष्ट पैसे, सगळ्यांना सारखं. सराफाचं एक मोठं उत्पन्न संपलं आणि किरकोळ दुकानदाराला मोकळा श्वास मिळाला. एका पैशाची काडेपेटी विकायची तर तो पैसा सगळ्यांनी एकाच किमतीचा मानला पाहिजे.

दप्तरदार

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. घाटवाट यांच्या कारणांशिवाय माल आला नसता आणि भीमथडींनी दाखवलेली वही मी विसरणार नाही. पण माझा आग्रह कायम आहे, आणि त्यासाठी एक उदाहरण देतो.

कसबा पेठेत नदीकाठी कागदीपुरा आहे. तिथे हातकागद व्हायचा. चिंध्या, जुनं गोणपाट कुजवायचं, कुटायचं, हौदात कालवायचं, चाळणीवर उचलायचं, भिंतीवर वाळवून दगडाने घोटायचं. गिरणीचा विलायती कागद आला तेव्हा शाळा, कचेऱ्या, छापखाने तिकडे वळले. हातकागदाला शेवटपर्यंत धरून राहिलेलं गिऱ्हाईक कोण? व्यापारी! जमाखर्चाच्या वह्या, रोजमेळ, खतावणी यासाठी त्याला हातकागदच हवा. तो चिवट, वर्षानुवर्षं टिकणारा, दुमडला तरी न तुटणारा.

स्वस्त कागद विकणारा माणूस स्वतःच्या हिशेबाला महाग हातकागद वापरत होता. कुठली वस्तू कशाला चालते आणि कुठे चालत नाही, ही पारख त्याच्याजवळ होती. म्हणूनच म्हणतो, मुंबईच्या गोदीत उतरलेल्या शेकडो वस्तूंमधून पुण्याच्या घरात कुठल्या जातील हे ओळखणारा तोच होता.

खानदेशी_वाणी

पारख होती हे कबूल. मग आलीचा लाल पक्का आणि पुडीचा लाल दोन धुण्यांत उतरणारा, हेही त्याला कळत होतं. त्याने पुडीच विकली.

शिंपीण

@खानदेशी_वाणी, आणि घेणारीने ती घेतलीही. वर्षाकाठी एक लुगडं मिळणाऱ्या बाईला त्याच पैशात दोन मिळत असतील, तर पक्क्या रंगासाठी तिने एकावरच राहावं असं आपण म्हणू शकत नाही.

तांबट_आळी

जुनी मठारलेली भांडी कोणाकडे असतील तर फोटो टाका. बुडाशी ठोके कसे जुळवलेत ते बघता येईल. कल्हई केलेली असेल तर आतूनही एक काढा.